हिरवं वाटण

पप्पा, आज एका म्हाताऱ्याने माझ्यासमोर बसून तुमचं वाक्य म्हटलं. शब्द तेच आणि आवाजातला शांत हट्टही तोच. "मी भाजी खात नाही." मेलबर्नच्या उत्तरेला क्रेगीबर्नच्या एका क्लिनिकमध्ये मी आठवड्यातून दोन दिवस बसते. लोक काय खातात ते विचारायचं आणि काय खावं ते सांगायचं, हे माझं काम. तुम्ही गेल्यावर मी हे शिकले, त्यामुळे तुम्हाला हे माहीत असायचं कारण नाही, आणि माहीत असतं तर तुम्ही पोट धरून हसला असता. म्हाताऱ्याच्या शेजारी त्याची मुलगी होती, ऑफिसमधून अर्धा दिवस काढून आलेली. ती माझ्याकडे झुकून हळूच म्हणाली, "नो वरीज, आम्ही ब्लेंड करून घालतो ना सगळं. ही हॅज नो आयडिया." म्हातारा खिडकीबाहेरच्या पार्किंगकडे बघत राहिला. त्याचा तो चेहरा मी ओळखला. मी फक्त गोळ्या कोणत्या चालू आहेत ते विचारलं. ते मी प्रत्येकाला सगळ्यात आधी विचारते. मग घरी आले, चहा केला, तो तसाच निवला, आणि आता स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तुम्हाला लिहिते आहे.

डोळे मिटले की ऑस्ट्रेलियाच्या पार उत्तर टोकाचं, डार्विनचं ते घर अजून तसंच समोर येतं, खांबांवर, जमिनीपासून उंच, खाली गाडी आणि कपडे वाळत घालायच्या दोऱ्या. मी चौदा वर्षांची आहे. आईला जाऊन दीड वर्ष झालंय आणि आपण दोघंच वसईहून उठून या भट्टीत येऊन पडलोय. वादळाने हे शहर जमीनदोस्त केलं होतं, ते पुन्हा उभं करायला माणसं हवी होती, आणि तुम्ही ड्राफ्ट्समन. छप्पर भिंतीला आणि भिंत जमिनीला कशी बांधून ठेवायची, त्याचे नकाशे तुम्ही सरकारी ऑफिसात दिवसभर काढता. घरभर काचेच्या पट्ट्यांच्या खिडक्या. त्यांतून दुपारचं ऊन जमिनीवर रेघारेघांनी उतरतं, पंखा फिरतो, पाल चुकचुकते, आणि सगळं इतकं संथ असतं की आपण दोघं पाण्याखाली राहतोय असं मला वाटतं. शनिवारी शेजारचा ग्रीक म्हातारा जिन्याखालून हाक मारतो आणि त्याच्या बोटीतला मासा वर्तमानपत्रात गुंडाळून देतो. पहिल्यांदा त्याने बारामुंडी दिला तेव्हा तुम्ही तो दोन्ही हातांत धरून कितीतरी वेळ बघत होतात. "अगं, हा तर आपला जिताडा," तुम्ही म्हणालात, आणि आई गेल्यानंतर त्या दिवशी मी तुम्हाला पहिल्यांदा खुश झालेलं पाहिलं. संध्याकाळी मी आईच्या मिक्सरमध्ये हिरवं वाटण केलं, कोथिंबीर, मिरची, लसूण, आलं, खोबरं, आणि त्यात तो जिताडा सोडला. तुम्ही ताट पुसून घेतलंत.

भाजी मात्र तुमच्या ताटात कधी आली नाही. आईने लग्नानंतर पहिल्या महिन्यातच त्या बाबतीत हात टेकले होते, आणि तिच्यामागे स्वयंपाकघर माझ्याकडे आलं ते नियमांसकट आलं. कांदा, लसूण, टोमॅटो, कोथिंबीर ही भाजी नव्हे, ते वाटण. वाल, मसूर, चवळी ही भाजी नव्हे, ते कडधान्य. पपई पिकली की फळ आणि कच्ची असली की भाजी, म्हणून पिकेपर्यंत थांबायचं. आंब्याच्या दिवसांत तुम्ही अंगणातल्या झाडाखाली बनियनवर उभे राहून एकामागून एक आंबे खायचात, कोपरापर्यंत रस. केळी, पेरू, मासे, अंडी, डाळभात, काही म्हणून कमी नव्हतं. पण भेंडी, दुधी, कोबी, कसलीही पालेभाजी, नुसतं नाव काढलं की तुम्ही ताट दोन बोटांनी जरासं पुढे सरकवायचात, रागाने नव्हे, कुणाला वाट करून द्यावी तसं. ईस्टरआधीच्या उपवासकाळात चर्चमधलं कुणी बिअर सोडायचं, कुणी सिगारेट. तुम्ही म्हणायचात, मी सातव्या वर्षी भाजी सोडली आहे, देवाने तेवढ्यावर भागवून घ्यावं. आणि डार्विनमधली भाजी तर तुमच्या लेखी भाजीच नव्हती. ती ॲडलेडहून तीन हजार किलोमीटर ट्रकमधून यायची, त्यातला बराच रस्ता धुळीचा. तुम्ही म्हणायचात, ती वाटेतच मेलेली असते, इथे पुरायला आणतात.

शाळेत होम सायन्सच्या बाईंनी एकदा सांगितलं की घरात आठवडाभर कोण काय जेवतं ते लिहून आणा आणि खाली वडिलांची नाहीतर आईची सही घ्या. वर्गाच्या भिंतीवर अन्नाच्या पाच गटांचा रंगीत तक्ता होता आणि त्यातला हिरवा गट आपल्या घरात नव्हता. मला लाज वाटली. मी छान अक्षरात तुमच्या नावापुढे सोमवारी मटार लिहिले, मंगळवारी गाजर, बुधवारी फरसबी, असं शनिवारपर्यंत. तुम्ही कानावर पेन्सिल लावून तो कागद उभ्यानेच वाचलात आणि विचारलंत, हे कुणाच्या घरचं जेवण आहे? मी म्हटलं, सगळ्या मुली असंच लिहितात. तुम्ही आवाज चढवला नाहीत. चढवला असतात तर बरं झालं असतं. "खोटं लिहिलेल्या कागदाखाली मी सही करत नाही. ऑफिसात नाही आणि घरातही नाही. मी भाजी खात नाही, तेच लिही. ते खरं आहे." मी रडत रडत सगळं पुन्हा लिहिलं. बाईंनी त्यावर लाल पेनने विचारलं, आठवडाभर एकही भाजी नाही? आणि तास संपल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवून घरी सगळं ठीक आहे ना, असं हळू आवाजात विचारलं. त्या हाताची मला फार चीड आली. घरी येताना सायकलवर मी ठरवून टाकलं की एक ना एक दिवस तुम्हाला भाजी खायला घालीन.

वर्षं कशी गेली ते आठवायला बसलं की फक्त उकाडा आठवतो. मग मी बावीस वर्षांची आहे, प्राथमिक शाळेत शिकवते आहे, आणि आता तोच तक्ता माझ्या वर्गाच्या भिंतीवर आहे. लहान मुलांकडून मी हिरव्या गटाची नावं घोकून घेते. त्याच वर्षी तुम्हाला जिना चढताना धाप लागायला लागली. डॉक्टर म्हणाले, हृदयाची एक झडप अरुंद झाली आहे, ठोके वेडेवाकडे पडतात, आत रक्ताची गुठळी होऊ शकते, म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी रोज घ्यायची आणि दर पंधरवड्याला रक्त तपासायचं. लहानपणी तुम्हाला सांध्यांचा ताप आला होता, त्याने झडप बिघडली होती, हेही त्यांनी सांगितलं. तुम्ही मला ते घरी येऊन जसंच्या तसं सांगितलंत. मी ऐकलं आणि मानलं नाही. मला कारण आधीपासूनच माहीत होतं. आठ वर्षं मी भिंतीवर बघत आले होते की तुमच्या ताटात एक पूर्ण गट नाही. आई अशीच बघता बघता गेली होती, आणि तुमच्याशिवाय या जगात मला कुणी नव्हतं. मी भ्यायले होते, पप्पा. भीती वाटते असं म्हणायच्या ऐवजी मी मिक्सर काढला.

सुपरमार्केटच्या फ्रीझरमध्ये पालकाच्या गोठवलेल्या विटा मिळायच्या, कागदी खोक्यात, बर्फ धरलेल्या. मी एक वितळवली, पिळून घेतली आणि हिरव्या वाटणात टाकली. रंग जरा गडद झाला, एवढंच. बाजारात एक व्हिएतनामी बाई लांब, कातरलेल्या पानांची कोथिंबीर विकायची, तिचा वास आपल्या कोथिंबिरीपेक्षा उग्र. ती मी मूठभर जास्त घातली, लसूणही जास्त घातला. तुम्ही ऑफिसमधून आलात, आंघोळ केलीत, टेबलाशी बसलात. पहिला घास तोंडात घातलात आणि क्षणभर थांबलात. मी सिंककडे तोंड करून उभी होते, नळ उगाच चालू. मग तुमचं जेवण पुढे सुरू झाल्याचा आवाज आला. तुम्ही सगळं संपवलंत, ताट उचलून माझ्याजवळ ठेवलंत आणि माझ्या डोक्यावर हात ठेवलात, तसं तुम्ही फारसं कधी करत नव्हतात. मी मनात म्हटलं, जिंकले.

मग ते रोजचंच झालं. मासा हिरव्या वाटणात, कोंबडी हिरव्या वाटणात, अंडीसुद्धा हिरव्या वाटणात. आठवड्याला चार विटा जायच्या. रिकामी खोकी मी शाळेत नेऊन तिथल्या कचऱ्यात टाकायचे, इतकी माझी तयारी. तुमच्या चेहऱ्यावर मला तेज दिसायला लागलं, धाप कमी झाली आहे असंही वाटायला लागलं. जे बघायचं असतं ते दिसतंच. रक्ताच्या तपासणीचा आकडा मात्र काही जुळेना. दर वेळी डॉक्टर म्हणायचे, रक्त अजून घट्टच आहे, आणि गोळी थोडी वाढवायचे. पुढच्या पंधरवड्याला पुन्हा तेच. पहिल्या भेटीत त्यांनी तुम्हाला हिरवा पाला किती खाता असं विचारलं होतं आणि तुम्ही अजिबात नाही म्हणून सांगितलं होतं. ते हसून म्हणाले होते, बरंच आहे मित्रा, एक काळजी कमी. तो प्रश्न का विचारला ते त्यांनी सांगितलं नाही, तुम्हीही विचारलं नाहीत, आणि मी तर त्या खोलीत नव्हतेच. गोळ्या वाढत गेल्या. मला त्याचा अर्थ एवढाच कळला की पालक अजून थोडा जास्त घालायला हवा.

फेब्रुवारीत, तिथल्या ऐन पावसाळ्यात, पाऊस असा लागला की दक्षिणेकडच्या नद्या रस्त्यावर आल्या आणि ट्रक वाटेतच अडकले. ते दर दोनतीन वर्षांनी व्हायचंच. सुपरमार्केटमधल्या फळ्या मोकळ्या झाल्या, बटाटे संपले, फ्रीझरमध्ये तळाला नुसता बर्फ उरला. पालकाची वीट कुठेच मिळेना. मी म्हटलं, काही दिवसांचा प्रश्न आहे, आणि आईच्या पद्धतीचं साधं वाटण करत राहिले, कारण कोथिंबीर त्या व्हिएतनामी बाईच्या वाडीत उगवत होतीच. तीन आठवडे गेले, आणि त्या पावसात रक्ताची एक तपासणीही राहून गेली. त्या तीन आठवड्यांत तुम्ही रोज दुसऱ्यांदा भात घेतलात. मला वाटलं, पावसाळी हवेने भूक लागत असेल. तुमच्या दंडावर एक निळा डाग दिसला, मग मनगटावर आणखी एक; तुम्ही म्हणालात, ड्रॉइंग बोर्डची कड लागली असेल. बाहेर दिवसभर पाणी पडत होतं, खिडक्यांच्या पट्ट्यांतून तुषार आत येत होते, वह्यांना बुरशी धरत होती, आणि त्या ओल्या, हिरव्या उजेडात मला सगळं ठीक चाललंय असं वाटत होतं. नळाखाली कोथिंबीर धुताना मी गुणगुणतसुद्धा होते.

रविवारची सकाळ होती. तुम्ही चर्चला जायला पांढरा शर्ट इस्त्री करून खुर्चीवर ठेवला होता आणि दाढी करत होतात. ब्लेड हनुवटीला लागलं. तुम्ही कागदाचा तुकडा लावलात, तो भिजला, दुसरा लावलात, तोही भिजला. मग नाकातून रक्त आलं आणि ते थांबेचना. तुम्ही बेसिनवर वाकून उभे होतात आणि मला सांगत होतात की काही नाही गं, उष्णता आहे. मी टॉवेल धरला, बर्फ धरला. अर्ध्या तासात तो टॉवेल रक्ताने इतका भिजला की मला हातात धरवेना. मी जिन्यावरून ओरडले आणि तो ग्रीक म्हातारा अनवाणी पावसातून धावत आला. त्याने तुम्हाला जवळजवळ उचलूनच गाडीत घातलं. हॉस्पिटलला जाताना तुम्ही पुढच्या सीटवर डोकं मागे टेकून बसला होतात, तुमचा हात मागे आला होता माझ्यासाठी, आणि मी तो दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. वायपर पाणी बाजूला सारत होते आणि पुढे पुन्हा पाणीच होतं.

दुपारपर्यंत रक्त थांबलं. पोटातही थोडं झालं होतं, म्हणून ठेवून घेतलं. एक तरुण डॉक्टरीणबाई आली, नवी होती, तिने खुर्ची ओढून घेतली. तिने सांगितलं की रक्त फारच पातळ झालं होतं, म्हणून तुम्हाला व्हिटॅमिन केचं इंजेक्शन दिलंय. "पालकात असतं ना, तेच," ती म्हणाली. पालेभाजी त्या गोळीच्या उलट काम करते, तिने समजावून सांगितलं. माणूस रोज सारखाच पाला खात असेल तर गोळी त्या हिशोबाने बसवता येते, काहीच खात नसेल तरी बसवता येते. पण कुणी मध्येच भरपूर खायला लागला की गोळी पुरेनाशी होते, आणि वाढवलेल्या गोळीवर एकदम खायचं थांबलं की असं होतं. मग तिने विचारलं, गेल्या काही महिन्यांत खाण्यात काही बदल झाला का? मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. फार वेळ नाही, एखादा श्वास घेण्याइतकाच. मग तुम्ही तिच्याकडे वळलात आणि तुमच्या त्या स्वच्छ इंग्रजीत म्हणालात, "नाही डॉक्टर. मी भाजी खात नाही. कधीच नाही. माझ्या मुलीला विचारा." तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "कधीच नाही." तिने तसं लिहून घेतलं.

घरी आल्यावर मी पहिल्या दिवशी पेज केली, दुसऱ्या दिवशी अंडं उकडलं. तिसऱ्या दिवशी तुम्हीच म्हणालात, जिताडा आहे का? मी मिक्सर काढला. ट्रक सुरू झाले होते, दुकानात सगळं आलं होतं, पण मी त्या फ्रीझरच्या बाजूलाही गेले नव्हते. तुम्ही पहिला घास घेतलात आणि थांबलात, अगदी पहिल्या वेळेसारखे. "आज नुसती कोथिंबीर आहे," तुम्ही म्हणालात. मी खाली बसले. कधीपासून माहीत होतं, असं विचारलं. "पहिल्या दिवसापासून. बाळा, मी पालकाच्या वाफ्यात वाढलोय. फाटकापाशी वास येतो मला त्याचा." मग खाल्लंत कशाला, मी विचारलं. तुम्ही माशाचा काटा काढून ताटाच्या कडेला ठेवलात. "तू घातला होतास म्हणून," तुम्ही म्हणालात, आणि आणखी भात मागितलात. हॉस्पिटलात जे बोललात त्याचा विषय तुम्ही काढला नाहीत. मीही काढला नाही. मटार आणि गाजराच्या खोट्या कागदावर सही न करणारा माणूस माझ्यासाठी डॉक्टरांसमोर खोटं बोलला होता, आणि मी तुमची साधी माफीसुद्धा मागितली नाही. ती आज मागते आहे. पप्पा, मी तुमचा जीव घालवला होता, जवळजवळ. मला माफ करा.

मे महिन्यात हवा कोरडी झाली आणि सकाळी जरा गार वाटायला लागलं. एका शनिवारी मी जिन्यात आले तर तुम्ही खाली नळाजवळ फावडं घेऊन जमीन उकरत होतात. मी वरून ओरडले की तुम्हाला जड काम करायचं नाही. तुम्ही म्हणालात, हे हलकं आहे. दोन खुंट्या, मध्ये ताणलेली दोरी, आणि नकाशातल्यासारखी सरळ सरी. मी खाली येऊन पायरीवर बसले आणि तुम्ही माती भुसभुशीत करता करता मला पहिल्यांदा ते सांगितलंत, तेही सहज, हवापाण्याचं बोलावं तसं. वसईला तुमच्या घरच्या वाडीतली ताजी भाजी पहाटे टोपल्यांतून बाजारात जायची. जी खपायची नाही ती दिवसभर ऊन खाऊन संध्याकाळी परत यायची, आणि घरात शिजायची ती तीच. "आमच्या ताटात कायम परत आलेली भाजी. ताजी कशी लागते ते मला ठाऊकच नाही, आणि आता जीभ ऐकायची नाही." मग तुम्ही खिशातून बियांचं पाकीट काढलंत. पालक. मी काही बोलायच्या आत तुम्ही म्हणालात, माझ्यासाठी नाही, मी डॉक्टरांना शब्द दिलाय. तुझ्यासाठी. तुला एवढी आवड आहे तर निदान ताजी खा.

तो वाफा तुम्ही चार वर्षं केलात, दर वर्षी पाऊस संपला की. संध्याकाळी ऑफिसमधून आलात की कपडे न बदलता खाली जायचात आणि पाणी निथळणारी जुडी आणून सिंकमध्ये ठेवायचात. मी ती लसणीवर परतायचे आणि माझ्या ताटात वाढून घ्यायचे. तुमच्या ताटात मासा, माझ्या ताटात मासा आणि पालक. तुमची गोळी एका जागी स्थिर झाली होती, पाल्याला हात न लावणाऱ्या माणसाला बसेल अशी. तुम्ही जेवता जेवता माझ्या ताटाकडे बघायचात आणि विचारायचात, "कसा झालाय?" मी म्हणायचे, "मस्त." तुमच्या चेहऱ्यावर जे पसरायचं ते मी अजून पाहू शकते. त्या वेळी पश्चिमेकडचं ऊन खिडकीच्या पट्ट्यांतून आत यायचं आणि सगळं टेबल सोनेरी व्हायचं, पाण्याचे पेलेसुद्धा.

पाचव्या वर्षी तुम्ही गेलात, हृदयानेच, साठ पूर्ण व्हायच्या आधी. वाफा तयार होता आणि बी टाकायचं राहिलं होतं. मग मी शाळा सोडली, दक्षिणेला येऊन आहारशास्त्र शिकले, आणि पहिल्याच वर्षी त्या गोळीचं प्रकरण पुस्तकात आलं तेव्हा वर्गातून उठून बाहेर गेले. लोक मला विचारतात, भाजी न खाता माणूस धडधाकट राहू शकतो का? मी सांगते, भाजी चांगली आहे, खाता आली तर जरूर खा. पण फळं, कडधान्यं, मासे नीट खाणारा माणूस भाजीवाचून काही लगेच मरत नाही, आणि काही माणसांना, काही गोळ्यांवर, एकदम भरपूर पाला खाण्यापेक्षा न खाणंच बरं. तुम्ही भाजी खाल्ली असतीत तर आणखी दहा वर्षं जगला असतात का, ते मला माहीत नाही. मी तुम्हाला खायला घातलेली भाजी तुम्हाला सोसली नाही, एवढं माहीत आहे. आज त्या म्हाताऱ्याच्या मुलीला मी बाजूला घेतलं आणि सांगितलं, घालायची असेल तर त्यांना सांगून घाला, आणि त्यांच्या डॉक्टरांनाही सांगा. ती जरा दुखावली. म्हणाली, "बट ही लव्ह्ज इट." मी म्हटलं, असेल. आणि दाराशी उभ्या असलेल्या म्हाताऱ्याकडे बघितलं, तर तो हसला.

चहा पुन्हा गरम करायला हवा. हे पत्र मी घडी घालून आईच्या मिक्सरच्या खोक्यात ठेवीन. मिक्सर केव्हाच बंद पडलाय, पण खोकं आहे. पाठवायचं कुठे? फक्त एक सांगायचं राहिलं, आणि ते समोर असताना कधी सांगता आलं नाही. चार वर्षं, दर संध्याकाळी, तुम्ही समोर बसून बघत असताना मी तो पालक संपवला, एक पान टाकलं नाही. मला पालक कधीच आवडला नाही, पप्पा. लहानपणापासून नाही.